वाळवीचा थेंब

लॅबमध्ये तिला सगळे सोवळेबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. तिला त्याचा राग नव्हता. उलट नव्या माणसाच्या कानावर पहिल्याच दिवशी हे नाव पडलं की आपलं अर्धं काम झालं, असं तिचं मत होतं. बावीस वर्षं ती एकाच टेबलाशी उभी होती. टेबल कसलं, चार हात लांबीचा पांढरा कट्टा. त्याच्यापुढे फरशीवर लाल चिकटपट्टी मारलेली होती, आणि ती पट्टी हातमोज्यांशिवाय ओलांडणाऱ्याची ती अशी खरडपट्टी काढायची की तो माणूस आठवडाभर त्या बाजूला फिरकत नसे. लॅबच्या प्रमुख, म्हणजे मोठ्या मॅडम, त्यासुद्धा पट्टीबाहेर उभ्या राहून मान लांब करून बोलत.

हे सगळं सोवळं आरएनएसाठी होतं. "आरएनए म्हणजे चिठ्ठी," ती नव्यांना सांगायची. "पेशीत एक मोठं पुस्तक असतं, ते डीएनए. ते दणकट असतं. त्यातली कामापुरती ओळ उतरवून घेतात, ती चिठ्ठी. काम झालं की चिठ्ठी फाडायची. नाही फाडली तर पेशी तेच ते करत बसेल आणि अति तिथे माती होईल. म्हणून चिठ्ठ्या फाडणारेही पेशीतच नेमून ठेवलेत."

त्या फाडणाऱ्यांचं कागदोपत्री नाव रायबोन्यूक्लिएज. एवढी जीभ वळवायला कुणाला वेळ होता? लॅबमध्ये सगळे त्याला वाळवी म्हणत. ही वाळवी पेशीच्या आतच राहती तर सोवळेबाईला जन्मभर आरडाओरडा करावा लागला नसता. पण ती घामात असते, थुंकीत असते, डोळ्यांच्या पाण्यात असते, बोटांच्या टोकांवर तर असतेच असते. कितीतरी विषाणू चिठ्ठीच्याच रूपात येतात, त्यांचा दारातच चुरा व्हावा म्हणून अंगाने ती बाहेर पेरून ठेवली आहे. अंगाच्या दृष्टीने हा शहाणपणा आहे. पण ज्याला तीच चिठ्ठी शाबूत ठेवून वाचायची आहे, त्याला प्रत्येक माणूस म्हणजे चालतंबोलतं वारूळ. बरं, ही वाळवी उकळूनही मरत नाही. उकळत्या पाण्यात मरगळते आणि पाणी निवलं की उठून पुन्हा कामाला लागते. म्हणून सोवळेबाई काचेची भांडी भट्टीत चार-चार तास भाजायची, दिवसाला वीस वेळा हातमोजे बदलायची आणि टेबलावर कुणी शिंकलं तर दिवसभराचं काम फेकून द्यायची.

लॅबच्या दुसऱ्या टोकाला मात्र हीच वाळवी मुद्दाम बाटलीत भरून ठेवलेली होती. तिथे काम करणाऱ्यांना नुसतं पुस्तक हवं असे, चिठ्ठ्यांचा पसारा नको असे. ते आपल्या नळीत वाळवीचा एक थेंब सोडत आणि सगळ्या चिठ्ठ्या फस्त होत. पुस्तकाला धक्का लागत नसे. त्या कोपऱ्यातल्या थेंब सोडायच्या पिपेटला सोवळेबाईने स्वतः काळी पट्टी गुंडाळली होती. काळ्या पट्टीची वस्तू लाल पट्टीच्या आत येणार नाही, हा नियम तिचाच होता.

मग ती साथ आली. नाकात काडी फिरवून भरलेल्या नळ्या खोक्यांनी येऊ लागल्या आणि सगळी लॅब त्याच एका कामाला जुंपली गेली. मशीन प्रत्येक नळीसाठी दोन रेघा काढायचं. एक विषाणूच्या चिठ्ठीची. दुसरी माणसाच्या स्वतःच्या अंशाची. काडी खरोखर नाकात फिरली होती, नळी नुसतीच रिकामी आलेली नाही, याची ती खूण. दुसरी रेघ उठली नाही तर रिपोर्टच द्यायचा नाही. पहिली उठली तर पॉझिटिव्ह. रेघा मशीनमधून थेट ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जात, तिथे कुणाला हात घालता येत नसे, आणि रिपोर्टवर दोन सह्या लागत, सोवळेबाईची आणि मोठ्या मॅडमची.

त्या दिवसांत मॅडमनी एकदा सगळ्यांना खुर्च्या मांडून बसवलं आणि या विषाणूची चाल समजावून सांगितली. पेशीला राखणदार असतात, त्या म्हणाल्या, नको ती चिठ्ठी दिसली की ते बोंब मारतात. "राखणदाराने बोंब मारली तर पेशी आतल्या सगळ्या चिठ्ठ्या फाडायला घेते. विषाणूच्या आणि स्वतःच्याही. बहुतेक वेळा ती त्यातच मरते, पण शेजारच्या वाचतात. आणि म्हणून हा लबाड काय करतो, तर येताना स्वतःची वाळवी बरोबर आणतो. आपल्याच चिठ्ठीचं उघडं पडणारं टोक आपणच कुरतडतो. राखणदाराला काही दिसतच नाही." मागच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "म्हणजे चोर पावलांचे ठसे पुसत जातो." सगळे हसले. सोवळेबाईला मात्र स्वतःच्या चिठ्ठ्या फाडून शेजारणीला वाचवणारी ती पेशी आवडली होती. आपण असतो तर हेच केलं असतं, असं तिला तेव्हा अगदी मनापासून वाटलं.

आता घरचं सांगायला हवं, कारण लॅबमध्ये जे झालं त्याचं मूळ घरात होतं.

सोवळेबाईला एक भाऊ होता, तिच्याहून नऊ वर्षांनी धाकटा. आईने त्याला 'राजा' म्हणून हाक मारली आणि तो कायम राजाच राहिला. हिला सगळे ताई म्हणत. ताई बारा वर्षांची आणि राजा तीन वर्षांचा असताना आईला कसला तरी लागट ताप आला. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर पोराला आईच्या खोलीत जाऊ द्यायचं नाही. वडील दिवसभर कामावर. मग ताईने खोलीला बाहेरून कडी लावली आणि दारापुढे बसली. राजा चार दिवस दारावर डोकं आपटत रडला. आतून आई म्हणायची, "येऊ दे गं त्याला, एकदाच." ताईने कडी काढली नाही. आई बरी झाली, राजाला ताप आला नाही. घरात हे सगळं राहिलं बाजूला आणि उरलं काय, तर 'हिने मला आईपासून तोडलं होतं'. चार नातेवाईक जमले की ही गोष्ट निघायची. राजा रंगवून सांगायचा, आई डोळे पुसत हसायची आणि ताईही हसायची. दुसरं काय करणार? ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, हे तिला तेराव्या वर्षीच कळून चुकलं.

आई आता वृद्धाश्रमात होती, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खोलीत. वडील गेल्यावर आई एकटी राहू शकत नव्हती, आणि ताईच्या दोन खोल्यांत दिवसभर तिच्याजवळ थांबायला कुणी नव्हतं. दर रविवारी ताई जायची. आईची नखं कापायची, उशीचे अभ्रे बदलायची, मळलेले धुवायला घेऊन यायची. साथीच्या दिवसांतही तिला जाता यायचं, कारण लॅबच्या लोकांची दर शनिवारी तपासणी व्हायची आणि आश्रमाची मेट्रन तिचा रिपोर्ट बघून दार उघडायची. आई तिला बघून म्हणायची, "आलीस? राजाचा फोन आला होता का?" राजा दूरच्या शहरात होता आणि तीन वर्षांत आला नव्हता. नख कापताना आईचा हात ताईच्या हातात असायचा आणि बोलणं सगळं त्याचं असायचं. रोज मऊ भात वाढणाऱ्याचं कोण कौतुक करतो?

आणि एका सोमवारी राजाचा फोन आला. "ताई, उद्या येतोय. चार दिवस आहे. आईला भेटायला रिपोर्ट लागतो म्हणे. तुझ्याच लॅबमध्ये देतो."

"दे की. लवकर ये, रांग असते."

"रांगेचं काही नाही गं. पण तुझ्या हातात आहे म्हणून पुन्हा कडी लावू नकोस, एवढंच."

तो हसला. तीही हसली. फोन ठेवल्यावर तिने एकाच जागी उभं राहून तीनदा हातमोजे बदलले. चाळीस वर्षांपूर्वीची कडी अजून त्याच्या जिभेवर होती.

मंगळवारी सकाळी राजा आला, रांगेत उभा राहिला, नाकात काडी घालून घेतली, काचेपलीकडून तिला हात केला. त्याचा चेहरा सुटला होता, केस विरळ झाले होते, पण हात हलवायची पद्धत तीन वर्षांच्या पोराचीच होती. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा थोडा रागही आला. कागद भरताना त्याने सांगितलं की आपल्याला काही झालेलं नाही, दोन महिन्यांपूर्वी दोन दिवस ताप होता, तेवढाच.

दुपारी बाराला त्याची नळी मशीनमधून बाहेर आली. मशीन चाळीस फेऱ्या करतं. ज्याच्या अंगात विषाणूचा बुजबुजाट असेल त्याची रेघ विसाव्या-बाविसाव्या फेरीलाच वर उठते. राजाची सदतिसाव्या फेरीला उठली. अगदी शेवटी, नको नको म्हणत, पण उठली.

दुसरा कुणी अडाणी माणूस असता तर घाबरला असता आणि वाचला असता. सोवळेबाईला ज्ञान होतं. एवढ्या उशिरा उठणाऱ्या रेघेचे दोन अर्थ असतात हे तिला ठाऊक होतं. एक तर जुन्या आजाराचा गाळ; विषाणू मेला, त्याच्या चिठ्ठीचे तुकडे मागे उरले, त्यांच्यापासून कुणाला काही होत नाही. नाही तर नव्या आजाराची सुरुवात. आज सदतीस आहे, परवा वीस होईल. रेघ चढणीची की उतरणीची, हे एका चाचणीत कळत नाही. म्हणून नियम असा की अशी नळी त्याच दिवशी पुन्हा लावायची आणि दुसऱ्यांदा जे येईल तो रिपोर्ट. दोन महिन्यांपूर्वीचा ताप तिला आठवला आणि तिने मनातल्या मनात निकाल देऊन टाकला. गाळच आहे. निम्म्या वेळा दुसऱ्या खेपेला अशी रेघ आपणहून जातेच. तरी पण निम्म्या वेळा जात नाही, हेही तिला माहीत होतं.

तेवढ्यात आईचा फोन आला. मेट्रनच्या फोनवरून आई कधी नव्हे ती स्वतः बोलत होती. "राजा उद्या येणार ना गं?"

"रिपोर्ट आला की येईल."

"तो रिपोर्ट तुझ्याकडेच असतो म्हणे." मग आई हळूच म्हणाली, "ताई, त्याला अडवू नको हं."

आईने ही गोष्ट नेहमी हसण्यावारी नेली होती. हसण्यामागे तीही तेच धरून बसली होती, हे ताईला त्या क्षणी कळलं. बावीस वर्षं चिठ्ठ्या राखल्या, अकरा वर्षं नखं कापली, आणि दोघांच्या लेखी ती अजून दारापुढे बसलेली ती मुलगीच होती. तिला रडू आलं नाही. तिला भयंकर अपमान वाटला.

सगळे जेवायला गेले होते. सोवळेबाई लाल पट्टी ओलांडून दुसऱ्या टोकाला गेली, काळ्या पट्टीचा पिपेट उचलला आणि वाळवीच्या बाटलीतून एक थेंब घेतला. थेंब म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढाही नव्हता. तो तिने राजाच्या मूळ नळीतून चाचणीसाठी वेगळ्या काढून ठेवलेल्या अंशात सोडला, झाकण लावलं आणि वीस मिनिटं घड्याळाकडे बघत उभी राहिली. हात थरथरत नव्हता. हेच तिला पुढे सगळ्यात जास्त लागलं, की हात जराही थरथरला नव्हता.

दुसऱ्या खेपेला विषाणूची रेघ तळाशी आडवी पडून राहिली. दुसरी रेघ, माणसाच्या अंशाची, ताठ उठली. ती डीएनएवरूनही उठते आणि वाळवी डीएनएला शिवत नाही. राखणदाराला काही दिसलं नाही. मोठ्या मॅडमनी दोन्ही कागद चाळले, पहिला अशक्त, दुसरा स्वच्छ, असं रोज चार-पाच वेळा होतच असे. त्यांनी सही केली. रिपोर्ट निगेटिव्ह.

राजाचा फोन आला. "थँक्यू ताई. मला वाटलंच होतं तू अडकवशील."

"कशाला अडकवीन?" ती म्हणाली, आणि चाळीस वर्षांनी तिला हलकं वाटलं. हे लपवून काय उपयोग, तिला त्या दिवशी आनंद झाला होता.

बुधवारी राजा आईजवळ अर्धा तास बसला. रविवारी ताई गेली तेव्हा आई त्याबद्दल किती बोलू नि किती नको अशी झाली होती. त्याचा हात असा धरला, त्याला म्हटलं तोंड दाखव रे, इतक्या वर्षांनी आलास, तर त्याने तोंडावरचं फडकं खाली केलं, अगदी जवळ आला, आईच्या गालाला गाल लावला. "तुला सवड होत नाही तेवढी बसायला," आई म्हणाली. ताईने नखं कापली. चौथ्या बोटाला आई खोकली. कोरडा, छोटा खोकला होता.

ताईने लगेच मेट्रनला बोलावलं. पण खोकल्याआधी दोन दिवस आई जेवायला सगळ्यांबरोबर बसली होती, शेजारच्या आजींना राजाने आणलेली बिस्किटं वाटली होती, ज्या मुलीने तिला अंघोळ घातली तिने पुढे सहा जणींना घातली होती. राजा परत गेला होता. त्याला प्रवासात सर्दी झाली, तीन दिवस अंग मोडून आलं, वास येईनासा झाला. पण रिपोर्ट निगेटिव्ह असताना तपासणी कशाला करायची, म्हणून त्याने घरीच काढा पिऊन दिवस काढले. हे त्याने फोनवर सहज सांगितलं. ताईने 'हं' म्हणून फोन ठेवला. रेघ चढणीची होती.

सोमवारी तिसऱ्या मजल्यावरच्या सगळ्यांच्या नळ्या लॅबमध्ये आल्या. आईची पाचवी होती. बाकीच्यांनी म्हटलं, बाई, ही आम्ही लावतो, तुम्ही घरी जा. ती गेली नाही. ती टेबलापासून दोन पावलं मागे सरकून उभी राहिली, कारण डोळ्यांच्या पाण्यात वाळवी असते हे तिनेच बावीस वर्षं सगळ्यांना शिकवलं होतं. डोळे कोरडे झाल्यावर तिने नवे हातमोजे चढवले आणि आईची चिठ्ठी तिच्या आयुष्यातल्या कुठल्याही कामाइतक्याच सोवळ्याने काढली. रेघ एकोणिसाव्या फेरीला उठली.

त्या मजल्यावर नऊ जणांना लागण झाली. तिघं गेली. आई त्यातली दुसरी.

राजा आला तो स्मशानातच. तिथे तो ताईशी बोलला नाही. चार दिवसांनी तिच्या घरी आला, खुर्चीच्या टोकावर बसला, चहा न घेता म्हणाला, "मला एक कळत नाही. माझा रिपोर्ट निगेटिव्ह होता. मग आईपर्यंत हे गेलं कुठून?"

तिने त्याचा न घेतलेला चहा बाजूला सरकवला.

"दर रविवारी तूच जायचीस. दिवसभर त्या घाणीत हात घालून बसतेस आणि तिथून आईच्या अंगाला हात लावतेस."

"माझी दर शनिवारी तपासणी होत होती."

"कुठे? तुझ्याच लॅबमध्ये. तुझे रिपोर्ट तूच बनवणार, तूच वाचणार. मी निदान रांगेत उभा राहिलो होतो." त्याचा आवाज फाटला. "तिला मी तीन वर्षांनी भेटलो गं. अर्धा तास."

तेव्हाच सांगायचं होतं. ती सांगणारही होती, पण तो तोंड झाकून रडायला लागला, आणि रडणाऱ्या राजाला 'तूच नेलंस ते' असं म्हणणं तिला जमलं नाही. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याने तो झटकला.

दुसऱ्या दिवशी ती मोठ्या मॅडमच्या खोलीत गेली, दार लावलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. काळी पट्टी, थेंब, वीस मिनिटं. मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "दुसरी रेघ?"

"ताठ."

"येणारच. डीएनए." त्यांना एका क्षणात सगळं समजलं होतं. "मूळ नळी?"

"उणे ऐंशीच्या फ्रीजमध्ये आहे. तिच्यात मी काही टाकलेलं नाही. पुन्हा लावली तर रेघ येईल. शुक्रवारी महिना भरतो." नळ्या महिनाभर ठेवायच्या आणि मग नष्ट करायच्या, असा लॅबचा नियम होता.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे तू मला सांगितलेलं नाहीस."

"मॅडम, तीन माणसं गेली."

"मला मोजता येतं. खिडकीतून बाहेर बघ. ही रांग बघ. उद्या हे बाहेर फुटलं की तुझ्या सहीचा प्रत्येक रिपोर्ट लोक खोटा म्हणतील. जे पॉझिटिव्ह आहेत ते म्हणतील, लॅबच लबाड आहे, आणि खुशाल गावभर हिंडतील. तीनाची तीस होतील. ते चालेल तुला?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुला शिक्षा हवीय, मला कळतंय. पण तुझ्या शिक्षेसाठी मी लॅब बंद पाडू शकत नाही. सुट्टी घे हवी तर."

यातलं किती खरं आणि किती मॅडमच्या खुर्चीच्या काळजीचं, हे वेगळं करता येण्यासारखं नव्हतं. सोवळेबाईने सुट्टी घेतली नाही. शुक्रवारी महिना भरलेल्या नळ्या काढायचं काम नेहमीप्रमाणे तिच्याकडेच आलं. यादी हातात घेऊन ती एकेका नंबरावर खूण करत गेली आणि नळ्या लाल पिशवीत टाकत गेली. राजाचा नंबर आला तेव्हा ती थांबली. नळी बर्फाने पांढरी झाली होती. खिशात टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. दुसऱ्या लॅबला दिली असती, आश्रमाच्या मेट्रनला दिली असती, राजाला दिली असती. ती आपल्या सगळ्या चिठ्ठ्या फाडून शेजारणीला वाचवणारी पेशी तिला आठवली आणि स्वतःची लाज वाटली. कारण त्या क्षणी तिला ना रांगेची काळजी होती ना लॅबची. बावीस वर्षांचं सोवळेबाई हे नाव तिच्या डोळ्यांपुढे होतं, दुसरं काही नाही. तिने नंबरावर खूण केली. पिशवी वाफेच्या भट्टीत गेली आणि अर्ध्या तासाने आतलं सगळं उकडून निघालं.

रविवारी दोघं आईची खोली रिकामी करायला गेली. फारसं काही नव्हतंच. चार कपडे, चष्मा, नेलकटर, धुऊन आणलेले दोन अभ्रे. खणात उशाशी एक घडी घातलेला कागद होता. राजाने उघडला. त्याचा रिपोर्ट होता.

"हा तुम्ही त्या दिवशी दाखवायला आणला होता ना," दारात उभी असलेली मेट्रन म्हणाली. "तो त्यांनी मागून घेतला, मी फाइलला नक्कल लावली. रोज काढून बघायच्या. म्हणायच्या, बघ, वर माझ्या लेकाचं नाव आहे आणि खाली माझ्या लेकीची सही. दोघं एका कागदावर कधी आली नव्हती." मेट्रनने डोळे टिपले आणि ती किल्ल्या घेऊन पलीकडच्या खोलीत गेली. तीही रिकामीच होती.

राजा कागदाकडे बघत राहिला. ताई खाटेवर बसली. आणि तिने सांगितलं. महिनाभर जे तोंडाशी येऊन परत जात होतं ते सगळं, सदतीसपासून काळ्या पट्टीपर्यंत, एका दमात, खालच्या आवाजात. शेवटी म्हणाली, "तुझा रिपोर्ट खोटा होता. तू नेलंस, पण तुला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. हे सगळं माझ्यामुळे झालं."

राजाने ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून ती वाट बघत होती. राग आला नाही.

"पुरावा आहे का काही?" त्याने विचारलं.

"होता. परवा मीच नष्ट केला."

तो थोडंसं हसला. थकल्यासारखं. "ताई, तू माझ्यासाठी नियम मोडलास म्हणतेस?"

"हो."

"तू?" त्याने मान हलवली. "तीन वर्षांचा होतो मी. चार दिवस दारावर डोकं आपटत होतो, आई आतून रडत होती, तेव्हा तू कडी काढली नाहीस. आणि माझ्यासाठी तू लॅबमध्ये खोटं करशील? कुणालाही विचार. कुणी विश्वास ठेवणार नाही."

"राजा, मी खरं सांगतेय."

"नाही गं. तुझ्यामुळे आई गेली हे तुला सोसवत नाही, म्हणून मलाही त्यात ओढतेस. समजतं मला." त्याने रिपोर्टची घडी घातली, आधीच्याच घडीवर, नीट, आणि खिशात ठेवली. मग तो तिच्याजवळ आला. लहानपणापासून तो कधी आपणहून तिच्याजवळ आला नव्हता. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, थोरल्या माणसाने ठेवावा तसा.

"जाऊ दे," तो म्हणाला. "ठरवूनच आलो होतो, की आता हे मनात ठेवायचं नाही. मी तुला माफ केलं, ताई."

त्याचा तळवा घामाने ओलसर होता. ती हलली नाही. पलीकडच्या खोलीतून मेट्रनने हाक मारली, झालं का, खोली झाडायची आहे. ताईने अभ्रे उचलले, नेलकटर पिशवीत टाकलं आणि म्हणाली, "झालं."